अडीच सूत

अकोला,
वसंत पंचमी

चि. भाचेबुवा यांस,


परवा फोनवर तू बोललास ते सगळं ऐकून घेतलं, पण उत्तर दिलं नाही. फोनवर तुझा मामा अर्धं रागात बोलतो आणि अर्धं खोकल्यात, तुला ठाऊकच आहे. शिवाय हे उत्तर एकट्या तुझ्यापुरतं नाही. म्हणून पत्र लिहायला घेतलं आणि ते उघडंच ठेवतोय. ज्यांनी तुझं नाव यादीतून बाजूला काढलं त्यांच्याही नजरेस पडलं तर बरंच होईल.

तुझी तक्रार थोडक्यात अशी. हनुमान जयंतीला पंचक्रोशीतली तालमीची पोरं हौशी लोकांसाठी लोखंड वाकवायची स्पर्धा भरवतायत. ना वजनं, ना कुस्ती, ना दंडबैठका. हातात आखूड सळई द्यायची आणि नुसत्या हातांनी वाकवायला सांगायची. तू नाव द्यायला गेलास, आणि वहीत लिहिणारा म्हणाला, "तुह्यं तं रोजचंच काम हाये, बाप्पा. तू फिटर. तुले घेतलं तं बाकीच्यायनं का नुसत्या टाळ्या वाजवाव्या?"

बोलणारा पोरगा वाईट नसेल. त्याला ते खरंच न्यायाचं वाटलं असेल. म्हणून आधी त्याचं म्हणणं तपासू, मग रागावायचं की नाही ते ठरवू.

पिंपळगाव राजात आणि आसपास घरांच्या कॉलमच्या रिंगा तू वाकवतोस हे खरं. पण कशा वाकवतोस? जाड फळीवर खुंट्या ठोकलेल्या, हातात सळई वाकवायची चाबी, अडलं तर चाबीला पाइप. आठ एम.एम.ची सळई खुंट्यांत अडकवायची, चाबी फिरवायची, की नव्वद अंश. पुढे सरकवायची, पुन्हा नव्वद. शेवटचा हूक तू १३५ अंशांपर्यंत आत वळवतोस, कारण भूकंपात कॉलमवरचं काँक्रीट निखळलं की नव्वदचा हूक उघडतो आणि १३५ चा धरून राहतो. भारतीय मानक १३९२० तेच सांगतं. तुला ते मानक कुणी वाचून दाखवलं नसेल, उस्तादाने हातावर फटका मारून शिकवलं असेल.

आता हिशेब बघ. तुझ्या चाबीचा दांडा दोन फुटांचा धरू. स्पर्धेतला तुकडा सात इंचांचा. मधल्या मोडीपासून तळहाताच्या जोरापर्यंतचं अंतर जेमतेम तीन इंच. दोन फुटांऐवजी तीन इंच, म्हणजे तीच सळई वाकवायला हाताला आठपट जोर लागणार. दिवसभर तू लोखंडाला वाकवतोस ते चाबीच्या भरवशावर, आणि त्यात गैर काही नाही. चाबी असताना मनगट झिजवणारा कारागीर शहाणा नव्हे. स्पर्धेत मात्र चाबीच काढून घेतात. तुझ्या धंद्याची जी मुख्य सोय, तिच्याशिवाय तुला उभं करतात, आणि वर म्हणतात, हा तर रोजचंच काम करतोय.

तरी एक गोष्ट त्या पोराच्या बाजूने मांडतो, नाहीतर मामा भाच्याचीच वकिली करतो म्हणशील. लोखंडाची जाण तुला आहे. सळई हातात घेतली की ती नरम की कडक हे तुझ्या बोटांना कळतं, तळव्यांची कातडीही जाड झालेली आहे. एवढा फायदा तुझ्याकडे आहे. पण ज्याला लहानपणापासून दूधतूप मिळालं, ज्याला दुपारी झोप मिळते, ज्याच्या बापाने जिमची वर्षाची फी एकरकमी भरली, त्याचाही फायदा आहेच की. तो कुणी वहीत लिहीत नाही. घामातून आलेला फायदाच तेवढा मोजायचा आणि बाकीचे देवाची कृपा म्हणून सोडून द्यायचे, हा कुठला काटा?

या काट्याची गोष्ट जुनी आहे. इंग्लंडात थेम्स नदीवर हेन्लीला नौकांच्या शर्यती होतात. तिथल्या कारभाऱ्यांनी १८७९ मध्ये हौशी खेळाडू कुणाला म्हणावं याचा नियम केला. पैशासाठी खेळणारा तर बाद होताच, पण पोटासाठी मजुरी, कारागिरी किंवा यंत्रावरचं काम करणाराही बाद. वल्हं मारून त्याने कधी एक पैसा कमावला नसला तरीही. कारण असं सांगायचे की हाताने काम करणाऱ्याचं अंग आधीच कमावलेलं, त्याच्यासमोर साहेबाच्या मुलाचा काय निभाव लागणार. तुझ्या वहीवाल्याने हेन्लीचं नाव ऐकलेलं नसेल, पण बोलला अगदी तेच.

१९२० मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन केली नावाच्या वल्हेकऱ्याचा अर्ज त्याच हेन्लीने फेटाळला. त्याच्या क्लबशी त्यांचं जुनं वाकडं होतं, ते एक कारण झालं. दुसरं कारण असं की गडी विटा रचायचं काम केलेला, गवंडी. म्हणजे तुझ्याच लाइनचा माणूस, भाचेबुवा. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याने एकट्याच्या नौकेची शर्यत मारली, आणि मागे टाकलं ते इंग्लंडच्याच खेळाडूला. हेन्लीला तो नियम काढायला १९३७ साल उजाडलं. पुढे १९४७ मध्ये केलीच्या मुलाने तीच हेन्लीची शर्यत जिंकली.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून जवळचं. पळवणकर बाळू पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची राखण करायचे, खेळपट्टी लाटायचे, जाळं बांधायचे. साहेबांना सराव हवा म्हणून तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्यांच्या हाती कुणी दिली नाही. त्या राबण्यातूनच हात असा तयार झाला की हिंदू संघाला त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर उरलं नाही. घेतलं, तरी जातीमुळे चहा वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जागी. १९११ मध्ये हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा शंभराहून जास्त बळी या एकट्या माणसाने घेतले. नोकरीतून हात तयार झाला म्हणून ते बळी कुणी कमी धरले नाहीत.

आपल्या गावांचंही सगळंच गोड सांगणार नाही. मारुतीच्या पारासमोर गोटा असायचा, नाल असायची. पोळ्याला, जत्रेला तरणी पोरं ते उचलायची. गोट्याने कधी विचारलं नाही, तू हमाल की पाटलाचा मुलगा. पण पारावर कुणी चढायचं आणि कुणी लांबूनच बघायचं, हे गोट्याआधी जातच ठरवून मोकळी व्हायची. ते दिवस पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. म्हणून 'तू यात नको' हे वाक्य कानावर आलं की माझे कान टवकारतात. कारण दर वेळी वेगळं सांगतात, आणि बाहेर राहणारी माणसं दर वेळी तीच निघतात.

आता खेळाकडे वळतो. पी.टी.च्या मास्तराला तेवढंच नीट जमतं.

तुला सूत सांगायला नको. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. तुम्ही आठ एम.एम.ला अडीच सूत म्हणता, दहाला तीन, बाराला चार. आता गंमत ऐक. अमेरिकेत आयर्नमाइंड नावाची कंपनी आहे. ती हाताची ताकद आजमावण्यासाठी पोलादाचे तुकडे रंग लावून विकते. त्यांना ते खिळे म्हणतात, पण टोक वगैरे काही नसतं. पांढऱ्यापासून चढत चढत सगळ्यात वरचा लाल, रेड नेल. जगभरचे लोखंड वाकवणारे त्याचं नाव आदराने घेतात. साक्षीदारासमोर तो ठरलेल्या नियमांनी वाकवला, दोन्ही टोकं एकमेकांपासून दोन इंचांच्या आत आणली, की कंपनी तुमचं नाव आपल्या यादीत छापते. या लाल खिळ्याचं माप किती? लांबी सात इंच, जाडी पाच सोळांश इंच. कर हिशेब. बरोब्बर अडीच सूत! वजन म्हणशील तर सत्तर ग्रॅमच्या आसपास. ज्या जाडीच्या रिंगा तू ढिगाने टाकतोस, तीच जाडी सात इंचांवर कापून हातात दिली की जगातले भले भले पैलवान घामाघूम होतात.

जाडी वाढली की काय होतं तेही लक्षात ठेव. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो. आठवरून दहा एम.एम.वर गेलास तर जाडी सव्वापट, पण जोर जवळजवळ दुप्पट. बारावर गेलास तर सव्वातीनपटीच्या वर. म्हणून "आठची वाकवली, आता दहाची आण" असं कुणी पारावर बसून म्हणालं तर त्याला आधी दहाची देऊन बघ.

लांबी आणि जाडीनंतर तिसरी गोष्ट लोखंडाची जात. जुनी साधी गुळगुळीत सळई वाकायला लागते ती दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनच्या सुमारास. हल्ली साइटवर येते ती टी.एम.टी., तिच्यावर एफ.ई. ५०० असा शिक्का असतो, म्हणजे मर्यादा ५०० ची. जाडी तीच, जोर दुप्पट. ही सळई गिरणीतून लालबुंद बाहेर येते तेव्हा तिच्यावर पाण्याचे फवारे मारतात. वरची साल कडक होते, गाभा त्या मानाने मऊ राहतो. त्यात वर कंगोरे. नुसत्या हाताने धरलीस तर वाकायच्या आधी तळवा सोलून काढेल. म्हणून स्पर्धेला गुळगुळीत सळईच हवी.

आता वाकवायची कशी. माझ्या शिक्षणाच्या काळात अमरावतीला आम्ही वसतिगृहाच्या पडवीत सहा इंची खिळ्यांवर पैजा लावायचो. आमचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही १९१४ पासूनची संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला तिथलंच पथक गेलं होतं. मंडळात मलखांब, लाठी, लेझीम रीतसर शिकवायचे. खिळे मात्र कुणी शिकवले नाहीत, ती आमची रात्रीची हौस. हरणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. एक पोरगा अंगाने काडी होता, चष्मा लावायचा, पण खिळा त्याच्याच हातात वाकायचा. तो जोर कुठून काढतो हे बघायला आम्ही कंदिलाभोवतीच्या किड्यांसारखे त्याच्याभोवती गोळा व्हायचो. तो खिळा छातीला लावायचा नाही, मांडीवर टेकवायचा नाही. हनुवटीखाली धरायचा, दोन्ही तळवे खाली, अंगठे एकमेकांसमोर, कोपरं वर उचललेली. मग सगळं अंग त्या दोन अंगठ्यांमागे उभं करायचा. पहिले चारपाच क्षण काहीच व्हायचं नाही. मग मधोमध एक बारीकशी मोड पडायची, डोळ्यांना दिसायच्या आधी हातांना कळायची.

ती मोड हीच खरी परीक्षा. बाहेरचे लोक तिला किंक म्हणतात. जो जोर लावायचा तो पहिल्या झटक्यात आणि न थांबता. मोड पडली की मग मनगटं आत वळवून तुकडा इंग्रजी यू सारखा ओढत आणायचा. हा दुसरा टप्पा लांबतो, इथे दम संपतो. तिसरा टप्पा टोकं मिटवण्याचा. तेव्हा बोटं एकमेकांत गुंफायची आणि तळव्यांनी दाबायचं, सुपारी फोडल्यासारखं. तळवे खाली ठेवून धरायची ही एक पद्धत. काही जण तळवे वर करून धरतात, काही एक हात असा आणि एक तसा. तुझ्या कोपराला आणि मनगटाला जी मानवेल ती तुझी. वाकवून झालं की मोडीला बोट लावून बघ. चांगलीच गरम लागते. तुझ्या हाताने लावलेला जोर तिथे उष्णता होऊन बसलेला असतो. एकदा वाकलेला तुकडा सरळ करून पुन्हा वाकवायला कुणाला देऊ नकोस. मोडीच्या जागी लोखंड आधीच ताठर झालेलं असतं, पुढे कधी तुटेल सांगता येत नाही.

या कलेला मोठमोठी नावं आहेत. न्यूयॉर्कचा जो ग्रीनस्टीन, १८९३ मधला जन्म, उंची जेमतेम पाच फूट चार इंच. लोक त्याला मायटी ॲटम म्हणायचे. घोड्याचे नाल वाकवायचा, साखळ्या तोडायचा, आणि बाजारात साबण विकायचा. खेळाने गर्दी जमवायची, साबणाने पोट भरायचं. वयाच्या ऐंशीच्या पुढेही त्याने लोकांसमोर खेळ केले. अलेक्झांडर झास पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या कैदेत पडला. तिथे व्यायामाला साधन नाही, म्हणून बेड्यांच्या साखळ्या आणि गज ताणत बसायचा. न हलणाऱ्या वस्तूवर जोर लावला तरी ताकद वाढते, हे त्याने पुढे जगाला शिकवलं. आणि आपल्याकडे आंध्रातले प्रोफेसर राममूर्ती नायडू. छातीला गुंडाळलेली साखळी श्वास भरून तोडायचे, छातीवरून हत्ती चालवायचे. त्यांची कीर्ती सर्कशीच्या तंबूतून देशभर गेली. ही तिन्ही माणसं ताकदीवर पोट भरणारी होती. ताकद रोजीची आहे म्हणून ती खोटी, असं कुणाला वाटलं नाही.

आता काळजीचं बोलतो. हे नीट वाच, पाहिजे तर ताईलाही वाचून दाखव.

तू दिवसभर चाबी फिरवतोस. संध्याकाळी येऊन पुन्हा सळईवर जोर लावशील तर स्नायू तक्रार करणार नाहीत, कंडरा करतील, ज्यांना आपण सरसकट नस म्हणतो. स्नायू काही आठवड्यांत दाद देतात, कंडरांना महिने लागतात. त्यांच्यात रक्त कमी पोचतं, म्हणून दुखावल्या तर भरूनही उशिरा येतात. जिमवाल्या पोराचं मनगट लचकलं तर तो पट्टी बांधून चार दिवस मिरवतो. तुझं लचकलं तर हजेरी बुडते. हा फरक वहीवाल्याला कुणी सांगितला नाही. तुझ्या धंद्यामुळे तुला फायदा मिळतो असं तो म्हणतो, पण त्याच धंद्यामुळे तू बाकीच्यांपेक्षा जास्त काही पणाला लावून येतोस.

म्हणून सराव आठवड्यातून दोनदाच, तोही कामाला सुट्टी असेल त्या दिवशी किंवा काम हलकं असेल तेव्हा. सुरुवात सहा इंची खिळ्याने. तो सहज वाकू लागला की अडीच सुताचा लांब तुकडा घे, नऊदहा इंचांचा, साधा मऊ. मग एकेक सूत लांबी कमी करत ये. आखूड होईल तसा जोर वाढत जातो आणि तुला वाढ मोजताही येते. सात इंचांवर घाईने उडी मारू नकोस. बोटांच्या उलट्या दिशेचाही व्यायाम हवा. बादलीत तांदूळ किंवा वाळू घे, हात आत खुपसून बोटं उघडत राहा. नुसती मूठ आवळत राहिलास तर कोपराबाहेरची नस ओढली जाते, आणि मग चहाचा कप उचलतानाही कळ येते.

सळईभोवती कापड गुंडाळल्याशिवाय हात लावायचा नाही. टोकं तळव्यात घुसतात. दोन पट्ट्या जाड कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या, दोन्ही टोकांना घट्ट. आणि हे तर अगदी बजावून सांगतो: कानस, ड्रिलचं बिट, स्प्रिंगची पट्टी, कडक केलेले बोल्ट, यांच्या वाट्याला जायचं नाही. ते वाकत नाहीत, तुटतात, आणि तुकडा डोळ्यात जातो. दातात धरून वाकवायचे व्हिडिओ बघितले असशील, ते बघून हसायचं आणि सोडून द्यायचं. जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. तुझ्या वयाला चालून जाईल, पण तुझं बघून गावातला कुणी बी.पी.च्या गोळ्या घेणारा काका पुढे आला तर त्याला हात धरून खाली बसव.

भरवणाऱ्यांसाठीही चार ओळी लिहितो. त्यांनी रागावू नये, जुन्या मास्तराची खोड समजावी.

एका जाडीचे सगळे तुकडे एकाच सळईतून कापा. वेगवेगळ्या सळयांचं लोखंड वेगवेगळं निघतं, आणि मग वाकवणाऱ्याचं कसब राहतं बाजूला, लोखंडाचं नशीबच जिंकतं. चाळीस फुटी एका सळईतून सात इंचांचे साठाहून जास्त तुकडे सहज निघतात, एवढे स्पर्धक तुमच्याकडे येणारही नाहीत. कापल्यावर टोकं ग्राइंडरवर घासून बोथट करा. कापडाच्या पट्ट्या सगळ्यांना सारख्या, आयोजकांनीच द्यायच्या. वेळ सगळ्यांना एकच, घड्याळ सगळ्यांना दिसेल असं. टोकांमधलं अंतर पट्टीने मोजा, अंदाजाने नाही. आधी लांब तुकडा, मग आखूड, मग जाड. प्रत्येकाचा वाकवलेला तुकडा त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून टेबलावर ठेवा. वाकलेलं लोखंड खोटं बोलत नाही. कुणी किती वाकवलं यावर पुढचे चार महिने पारावर वाद घालायचा असेल तर तो तुकडा समोर ठेवून घाला.

आणि दार उघडं ठेवा. बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला भाता मांडून बसलेलं घिसाडी कुटुंब तुम्ही बघितलंय. पुरुष सांडशीत वखराची तापलेली पास धरतो, आणि घण बाई मारते. कडेवरचं पोर बाजूला ठेवून मारते. त्या बाईच्या मनगटाला आजवर कुणी टाळी दिलेली नाही. खामगावच्या बाजारात पोती वाहणारे हमाल आहेत, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवणारे आहेत, गवंड्याच्या हाताखाली काँक्रीटचं घमेलं वर फेकणाऱ्या बाया आहेत. आपल्या भागातली खरी ताकद कुणाकडे आहे हे बघायचं असेल तर आधी त्यांना बोलवा. पैलवान येतीलच, त्यांना बोलवावं लागत नाही. आणि रोजची मजुरी करणाऱ्यांना बाहेर ठेवूनच स्पर्धा घ्यायची असेल, तर निदान पहिल्या बक्षिसावर 'सर्वांत बलवान' असं छापू नका. 'आलेल्यांपैकी बलवान' छापा, म्हणजे खरं होईल.

भाचेबुवा, तुझ्यासाठी शेवटचं. तू फोनवर म्हणालास, "मामा, मी सांगतो का मी शेतीच करतो म्हणून. कोन तपासायले येते?" शेती आहेच आपली दोन एकर, खोटंही होणार नाही. पण तसं करू नकोस. तू शेतकरी म्हणून जिंकलास तर जिंकणारा फिटर होता हे कुणालाच कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या फिटरला तोच वहीवाला तेच सांगेल. अर्ज घेऊन पुन्हा जा. हे पत्र सोबत ने. व्यवसायाच्या रकान्यात सरळ लिही: सेंट्रिंगवर लोखंड वाकवतो. घेतलं तर उत्तम. नाही घेतलं तर हनुमान जयंतीच्या पुढच्या रविवारी आपल्या गावात आपण भरवू. सळईचा खर्च माझा, शिट्टी माझी, नियम वर लिहिलेलेच. ज्यांनी तुला नाकारलं त्यांनाही आमंत्रण देऊ, आणि तेही आले पाहिजेत, नुसतं बघायला नाही, वाकवायला.

कॅनव्हासच्या दोन पट्ट्या एस.टी.तून पाठवतोय, खामगावला उतरवून घे. ताईला नमस्कार सांग. तूर सोंगून झाली का, शेंगा कशा भरल्या, तेही कळव.

तुझा,
मामा